हे पत्र खरं आहे

गेल्या महिन्यात टेक्ससमधल्या एका मराठी मैत्रिणीचा फोन आला. ती तिथल्या कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते. "मला फाय थीटा कॅपाची ॲडव्हायजर हो म्हणतायत. तू केलंयस ना दोन वर्षं? काय असतं गं नेमकं? हो म्हणू का?" तासभर बोललो, तरी निम्मं राहूनच गेलं. म्हणून सगळं नीट लिहून ठेवतेय. मी न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मे २०२२ ते मे २०२४ अशी दोन वर्षं मी हे काम, म्हणजे फाय थीटा कॅपा या विद्यार्थी-संस्थेच्या सल्लागाराचं काम, केलं. खालचे आकडे माझ्या वहीतले आहेत. तुमच्या कॉलेजात ते वेगळे असतील, पण वाट साधारण हीच असेल.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांची असोसिएट पदवी देणारं, स्थानिक कर आणि राज्याच्या पैशावर चालणारं कॉलेज. न्यू जर्सीत अशी १८ कॉलेजं आहेत. फी कमी, प्रवेश जवळपास सगळ्यांना. माझ्या वर्गात अठरा वर्षांची पोरं असतात, तशीच रात्रपाळी संपवून गणवेशातच येऊन बसलेली नर्सिंग असिस्टंट असते, दोन लेकरांचा बाप असतो, आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेल्या, एच-४ व्हिसावरच्या आपल्याकडच्या बायकाही असतात. दोन वर्षांनी यातले बरेच जण चार वर्षांच्या विद्यापीठात उरलेली दोन वर्षं पुरी करायला जातात.

चार वर्षांच्या विद्यापीठांत हुशार विद्यार्थ्यांच्या मानसंस्था (ऑनर सोसायट्या) जुन्या आहेत. फाय बीटा कॅपा तर १७७६ सालची. दोन वर्षांच्या कॉलेजांसाठी तसं काही नव्हतं, ते १९१८ साली मिसूरी राज्यात सुरू झालं. तीच फाय थीटा कॅपा. १९२९ साली ज्युनियर कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेने तिला अधिकृत मान्यता दिली. मुख्यालय मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात. कॉलेजातल्या तिच्या शाखेला चॅप्टर म्हणतात. चॅप्टर विद्यार्थी चालवतात आणि त्यांच्या पाठीशी कॉलेजातला एक प्राध्यापक किंवा कर्मचारी उभा असतो. तोच ॲडव्हायजर.

मे महिन्यात शेवटचे पेपर तपासून मी खोलीला कुलूप लावत होते, तेव्हा इंग्रजी विभागातल्या ज्येष्ठ सहकारी पुठ्ठ्याचं एक खोकं घेऊन दारात आल्या. अकरा वर्षं त्यांनी हे काम केलं होतं आणि आता त्या निवृत्त होणार होत्या. खोक्यात निळं-सोनेरी निशाण, बॅटरीवर चालणाऱ्या मेणबत्त्या, नव्या सभासदांच्या सह्यांची जाड वही आणि पावत्यांनी फुगलेली एक फाइल होती. "आठवड्याला तीन तास जातात," असं त्या म्हणाल्या. माझा हिशेब आठवड्याला सहा तासांचा निघाला, आणि एप्रिलमध्ये दहाचा. मानधन वर्षाला हजार डॉलर. एका विषयाचा तास कमी करून मिळेल का, असं मी विचारलं, ते नाही मिळालं. तुम्ही हो म्हणण्याआधी हे विचारा आणि मिळालं तर लेखी घ्या. हो म्हटल्यानंतर मागणं अवघड जातं.

हो म्हणण्याचं कारण सांगते. मी इचलकरंजीतल्या यंत्रमागांच्या गल्लीतली मुलगी. बारावीनंतर शिष्यवृत्तीचा एक फॉर्म आमच्या घरी आला होता आणि "हे आपल्यासाठी नसतंय" म्हणून आईने तो रद्दीत घातला होता. आईचा त्यात काही दोष नव्हता. तिला तसं वाटावं अशीच आजूबाजूची सगळी रचना होती. माझ्या वर्गातल्या पोरांच्या तोंडी तेच वाक्य मी वेगवेगळ्या भाषांत ऐकत आले आहे.

नेमणुकीचे कागद सोपे होते. विभागप्रमुख आणि डीन यांच्या सह्या, मग मुख्यालयाला कळवणं. त्यानंतर ऑगस्टमध्ये प्रशिक्षणं आली. संस्थेचं स्वतःचं ऑनलाइन प्रशिक्षण होतं, ते उपयोगी पडलं. पण खरं गंभीर होतं ते कॉलेजचं. विद्यार्थी-मंडळाचा सल्लागार झालात की १९९० च्या क्लेरी कायद्याखाली तुम्ही 'कॅम्पस सिक्युरिटी ऑथॉरिटी' ठरता. म्हणजे एखाद्या गुन्ह्याबद्दल विद्यार्थ्याने तुम्हाला सांगितलं, तर ते कॉलेजला कळवणं तुमच्यावर बंधनकारक होतं. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी टायटल नाइन या कायद्याचं वेगळं प्रशिक्षण. मी दोन्ही एका दुपारी उरकली आणि प्रमाणपत्रं फाइलला लावून टाकली. त्यांचा अर्थ फेब्रुवारीत कळला, ते पुढे येईल.

सप्टेंबर उजाडला आणि यादीचं काम सुरू झालं. आमच्या चॅप्टरच्या उपनियमांप्रमाणे असोसिएट पदवीसाठीचे किमान १२ क्रेडिट झालेले आणि चारपैकी ३.५ किंवा त्याहून जास्त जीपीए (गुणांची सरासरी) असलेले विद्यार्थी पात्र. ही यादी रजिस्ट्रारच्या कार्यालयातून येते. मी पहिल्याच दिवशी एक चूक केली. चॅप्टरच्या उत्साही सचिवाला म्हटलं, "यादी आली की तुला पाठवते, तू मेल पाठव." रजिस्ट्रारच्या बाईंनी मला थांबवलं. १९७४ च्या फेर्पा कायद्याने विद्यार्थ्यांची शैक्षणिक माहिती खासगी असते. कोणाचा जीपीए ३.५ च्या वर आहे, हे नुसत्या नावावरूनही कळतं. म्हणून ती यादी दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हातात जाऊ शकत नाही, मग तो चॅप्टरचा अध्यक्ष का असेना. यादी फक्त माझ्याकडे, कॉलेजच्या सर्व्हरवर, आणि निमंत्रणं माझ्या हातून. विनंती केल्यापासून यादी हातात येईपर्यंत सतरा दिवस गेले. पुढच्या वर्षी मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच विनंती टाकून ठेवली.

यादीत ६१२ नावं होती. निमंत्रणाचे मेल गेले. तीन आठवड्यांनी सभासद झालेले होते १९.

मी वेळापत्रक, मजकूर, विषयाची ओळ, सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. मग एका संध्याकाळी प्रयोगशाळा आवरताना आमच्याच वर्गातली एक विद्यार्थिनी माझ्याशी मराठीत बोलली. नाशिकची, अडतीस वर्षांची, एच-४ वर आलेली, अकाउंटिंग शिकणारी, आणि वर्गात सगळ्यात चोख वही तिची. मी विचारलं, "तुला पत्र आलं असेल ना? तू का नाही भरलंस?"

"आलं होतं मॅडम. पण त्यात पंच्याऐंशी डॉलर भरा लिहिलं होतं. मला वाटलं, हे पैसे उकळायचं काहीतरी असणार. मी डिलीट करून टाकलं."

"अगं, ते खरं पत्र आहे. मीच पाठवलंय."

ती गप्पच झाली. मग हळूच म्हणाली, "पण मग ते माझ्यासाठी कसं असेल? माझं तर इंग्रजीसुद्धा…"

तिचा जीपीए ३.९४ होता.

त्या रात्री मी यादी पुन्हा उघडली आणि ती वेगळीच दिसायला लागली. ज्यांना आजवर कोणी असं काही पाठवलेलंच नाही, त्यांच्यापर्यंत मानाचं पत्र आणि फसवणुकीचं पत्र सारख्याच रूपात पोहोचतं. दोन्हींत अभिनंदन असतं, दोन्हींत पैसे भरायचे असतात. त्यांनी सावध राहायचं शिकलेलं असतं आणि ते बरोबरच असतं. उलट ज्या घरात आई-वडील कॉलेजात गेलेले आहेत, त्या घरातला मुलगा पत्र आईला दाखवतो, आई म्हणते भरून टाक, आणि तो भरतो. पहिल्या १९ जणांत अशी घरं जास्त होती.

मग मी फोन करायला लागले. मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी सहा ते साडेसात, कॉलेजच्या फोनवरून. तीन आठवड्यांत १४० फोन. पहिले काही फार वाईट गेले, कारण मी "अभिनंदन" म्हणून सुरुवात करत होते आणि समोरचा फोन ठेवत होता. नंतर सुरुवात बदलली: "मी अमुक इमारतीत रसायनशास्त्र शिकवते, माझी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, तुम्हाला आलेलं पत्र खरं आहे. विचारायचं असेल तर उद्या या." एक बाई उद्या खरंच आल्या. सोबत मोठी बहीण होती, चौकशी करायला आणलेली. एका मुलाने सांगितलं, "माझं नाव चुकून आलं असेल, तुम्ही एकदा बघून घ्या." मी त्याला त्याचे गुण वाचून दाखवले. तो फोनवर बराच वेळ काही बोलला नाही. शिवाय डीनच्या सहीची छापील पत्रं घरी पाठवली. टपालखर्च विद्यार्थी-उपक्रम निधीतून मिळाला. घरच्या पत्त्यावर आलेलं कागदी पत्र आई-वडिलांनाही दिसतं, फ्रिजवर लागतं. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आम्ही ७४ वर पोहोचलो.

पैशाचा प्रश्न मात्र फोनने सुटत नाही. राष्ट्रीय सभासदत्व, प्रादेशिक आणि चॅप्टरची वर्गणी धरून आमच्याकडे एकदाच भरायचे ८५ डॉलर होत. तासाला पंधरा डॉलर मिळवणाऱ्या माणसाचे ते जवळजवळ सहा तास. या पैशात काय मिळतं हे मी प्रत्येकाला स्पष्ट सांगत असे: आयुष्यभराचं सभासदत्व, प्रगतिपत्रकावर नोंद, आणि मुख्य म्हणजे चार वर्षांच्या विद्यापीठात बदली (ट्रान्सफर) घेऊन जाताना अनेक विद्यापीठांत फक्त फाय थीटा कॅपाच्या सभासदांसाठी राखलेल्या शिष्यवृत्त्या. दोन वर्षांनी बदली घेणार नसाल, सरळ नोकरीला लागणार असाल, तर उपयोग कमी आहे, हेही सांगत असे. असं सांगितल्याने तीन-चार जण आले नाहीत. ते योग्यच झालं. ज्यांना यायचं होतं पण झेपत नव्हतं, त्यांच्यासाठी आम्ही कॉलेजच्या फाउंडेशनकडे अर्ज केला. दोन पानांचा अर्ज, सहा आठवडे थांबणं, आणि शेवटी बारा जणांची फी मंजूर. नाशिकच्या विद्यार्थिनीला व्हिसामुळे सरकारी मदत मिळत नव्हती, पण फाउंडेशनचा पैसा खासगी देणग्यांचा असल्याने तिचं नाव त्यात बसलं. तुमच्याकडेही एच-४ वरच्या मुली असतील तर त्यांना हा फरक समजावून सांगा, त्या "आम्हाला काही मिळत नाही" असं धरूनच चालतात. आणखी एक: चॅप्टरचं पद बिनपगारी असतं, त्यामुळे ते त्यांना घेता येतं. कॉलेजात पगारी ट्यूटर व्हायचं असेल तर कामाचा परवाना लागतो.

दीक्षा-समारंभ नोव्हेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी झाला. मी 'दीक्षा' म्हणतेय, कारण प्रसंगाला तसं गांभीर्य होतं. विद्वत्ता, नेतृत्व, सेवा आणि स्नेह ही संस्थेची चार तत्त्वं. ती वाचली जातात, शपथ होते, एकेकाचं नाव पुकारलं जातं, मेणबत्ती पेटते आणि वहीत सही होते. सभागृहात खरी ज्योत पेटवायला अग्निसुरक्षेची परवानगी लागते, ती महिनाभर आधी मागावी लागते, म्हणून खोक्यातल्या बॅटरीच्या मेणबत्त्या. प्रत्येक नावाचा उच्चार आदल्या दिवशी त्या-त्या विद्यार्थ्याकडून फोनवर रेकॉर्ड करून घ्या आणि सराव करा, हे माझं कळकळीचं सांगणं. आयुष्यभर स्वतःचं नाव चुकीचं ऐकलेल्या माणसाला त्या दिवशी तरी ते बरोबर ऐकू यावं. एका डॉमिनिकन मुलाची आजी कामावरून थेट आली होती. ती सबंध वेळ उभीच राहिली. खुर्ची दिली तरी बसली नाही. नातवाने सही केली तेव्हा तिने वहीच्या त्या पानावर हात फिरवला.

इथवरचं काम माझं होतं. पुढचं काम विद्यार्थ्यांचं होतं, आणि ते त्यांचंच राहू देणं मला जमायला वेळ लागला.

चॅप्टर दरवर्षी 'ऑनर्स इन ॲक्शन' नावाचा प्रकल्प करतो. संस्था दोन वर्षांसाठी एक विषय देते, विद्यार्थी त्यावर संशोधन करतात आणि त्यातून निघालेल्या निष्कर्षावर आपल्या परिसरात काहीतरी प्रत्यक्ष करून दाखवतात. २०२२-२३ चा विषय होता 'खेळाची कला आणि शास्त्र'. पहिल्या बैठकीत मुलं संगणकी खेळांवर बोलत राहिली. मी फक्त विचारलं, तुम्ही लहानपणी घरी काय खेळायचात? कोरियन घरातल्या मुलीने पर्समधून पाच छोटे रंगीत खडे काढले, गोंगी नावाचा खेळ. एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे उचलायचे. मी चाटच पडले, हे तर आमचे सागरगोटे! मी टेबलावरच खेळून दाखवले, वीस-पंचवीस वर्षांनी. तेवढ्यात न्यूअर्कचा ब्राझिलियन मुलगा म्हणाला, माझी आई हेच कापडाच्या पाच पुरचुंड्यांनी खेळते, त्याला 'सिंको मारियास' म्हणतात. तासभर बैठकीचं काही कामच झालं नाही, पण प्रकल्प मात्र तिथेच सापडला.

त्यांनी वाचन चांगलं केलं. निदान आठ अभ्यासपूर्ण संदर्भ लागतात, त्यांनी चौदा जमवले. ग्रंथपालबाईंनी फार मदत केली. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं ३१ वं कलम मुलांचा खेळण्याचा हक्क मान्य करतं आणि तो करार अमेरिकेने अजून मंजूर केलेला नाही, हे कळल्यावर त्यांच्यात चांगलाच वाद झाला. मग चॅप्टरमधल्याच एका आईने विचारलं, की शनिवारी मी ट्यूटरिंग सेंटरला येते तेव्हा माझा मुलगा कुठे खेळतो? तो कॉरिडॉरमध्ये फोन बघत बसतो. त्यातून ठरलं: शनिवारी ट्यूटरिंग सेंटरच्या शेजारच्या वर्गात, शिकणाऱ्या आई-बापांच्या मुलांसाठी खेळांचा कोपरा.

कॉलेजच्या आवारात लहान मुलं म्हटली की विम्याचा प्रश्न येतो. जोखीम-व्यवस्थापन कार्यालय, सुविधा विभाग आणि डीन, तिघांकडून लेखी होकार लागला. पालक त्याच इमारतीत हवा, पालकाची सही हवी, खोलीत कायम दोन मोठी माणसं हवीत, आणि खाण्याचे पदार्थ द्यायचे नाहीत. सहा आठवडे गेले. अध्यक्ष असलेला मुलगा निराश झाला, तेव्हा मी त्याला प्रत्येक कार्यालयाच्या माणसाला समोरासमोर भेटायला सोबत नेलं. कागद जागचा हलला तो तेव्हा. ऑक्टोबरअखेर पहिला शनिवार झाला, अकरा मुलं आली. सेमिस्टर संपेपर्यंत सहा शनिवार झाले.

प्रकल्पाचा अहवाल जानेवारीत पाठवायचा असतो. डिसेंबरच्या सुट्टीत मसुदा माझ्याकडे आला. वाक्यं अडखळत होती. मी दोन रात्री बसून तो नीट केला, परिच्छेद हलवले, शेवट नव्याने लिहिला, आणि परत पाठवला. दुसऱ्या दिवशी अध्यक्षाचा मेल आला. अतिशय नम्र. "प्रोफेसर, हे खूप छान झालंय. पण हे आता आम्ही केल्यासारखं वाटत नाही."

त्याचं म्हणणं खरं होतं. मी माझी आवृत्ती काढून टाकली आणि त्यांच्या मसुद्यावर समासात फक्त प्रश्न लिहिले: हे कसं कळलं? याआधी काय झालं? किती मुलं आली? त्यांनी शेवटच्या रात्री दीड वाजेपर्यंत बसून तो पुरा केला. त्यात व्याकरणाच्या दोन चुका राहिल्या, त्या मला दिसल्या, आणि मी त्या सांगितल्या नाहीत. आता वाटतं, सांगायला हरकत नव्हती. चूक दाखवणं आणि हातातलं काम काढून घेणं यात फरक आहे, तो मला तेव्हा नीटसा उमगला नव्हता. मार्चमध्ये प्रदेशपातळीवर त्यांच्या प्रकल्पाची नोंद घेतली गेली. डेलावेअर, मेरीलँड, न्यू जर्सी, पेन्सिल्व्हेनिया आणि वॉशिंग्टन डीसी मिळून आमचा मिडल स्टेट्स प्रदेश होतो.

फेब्रुवारीचं राहिलं. एका विद्यार्थिनीने बैठकीनंतर थांबून म्हटलं, "प्रोफेसर, एक सांगायचंय, पण कोणाला सांगू नका." मला ऑगस्टमधलं प्रशिक्षण आठवलं. मी म्हटलं, "सांगण्याआधी एक ऐक. काही गोष्टी कळल्या तर मला त्या कॉलेजला कळवाव्याच लागतात. गुप्त ठेवायचं असेल तर समुपदेशकांकडे जाऊ, मी आत्ता तुझ्याबरोबर येते." आम्ही दोघी चालत गेलो. ती आत गेली, मी बाहेर बाकावर बसून राहिले. ती काय सांगणार होती ते मला आजही माहीत नाही. तुम्ही हे काम घेतलंत तर हे वाक्य पाठ करून ठेवा. ते तोंडातून बाहेर काढणं फार जड जातं, पण नंतर सांगण्यापेक्षा आधी सांगितलेलं चांगलं.

एप्रिल २०२३ मध्ये संस्थेचं वार्षिक अधिवेशन, कॅटॅलिस्ट, ओहायोतल्या कोलंबसला होतं. विमान परवडेना, म्हणून चार विद्यार्थी, मी आणि भाड्याची व्हॅन. पेन्सिल्व्हेनिया टर्नपाइकवरून साडेआठ-नऊ तास. प्रवासाच्या परवानगीचा अर्ज पंचेचाळीस दिवस आधी, प्रत्येक विद्यार्थ्याचा हमीपत्राचा आणि तातडीच्या संपर्काचा कागद, आणि गाडी चालवणाऱ्याच्या लायसन्सची तपासणी. हॉटेलच्या काउंटरवर कॉलेजचं पेमेंट पोहोचलेलं नव्हतं आणि विद्यार्थ्यांकडे क्रेडिट कार्ड नव्हतं. मी माझ्या कार्डावर १,१४० डॉलर भरले. ते परत मिळायला सात आठवडे लागले, कारण निघताना मी कार्डाची पावती घेतली होती, शून्य बाकी दाखवणारं पूर्ण बिल घेतलं नव्हतं. ते बिल मागूनच काउंटर सोडा. टोलच्या पावत्यांचे फोटो तिथल्या तिथे काढा.

नाशिकची विद्यार्थिनी त्या व्हॅनमध्ये होती. तोवर ती चॅप्टरची खजिनदार झाली होती आणि मला मॅडमऐवजी ताई म्हणायला लागली होती. तिची दहा वर्षांची मुलगी पहिल्यांदाच आईशिवाय तीन रात्री राहणार होती. पहाटे निघताना तिने सगळ्यांसाठी थालीपीठं करून आणली. अधिवेशनाचं सभागृह प्रचंड होतं, हजारो विद्यार्थी, सगळे दोन वर्षांच्या कॉलेजांतले. ती दारातच थांबली आणि म्हणाली, "ताई, एवढे सगळे आहेत?" मग आत शिरली. दुपारच्या गटचर्चेत मी तिला मुद्दामच एकटं सोडलं. संध्याकाळी भेटली तेव्हा तिच्याकडे सहा विद्यापीठांची पत्रकं होती आणि प्रत्येकावर तिच्या अक्षरात प्रश्न लिहिलेले.

दुसरं वर्ष सोपं गेलं. यादी वेळेत आली, छापील पत्रं आधी गेली आणि मेल नंतर, आणि फोन माझ्याबरोबर जुन्या सभासदांनीही केले. फेर्पामुळे त्यांना यादी देता येत नव्हती, म्हणून आम्ही उलट रस्ता काढला. पत्रात लिहिलं, "शंका असेल तर या विद्यार्थ्यांना विचारा", आणि खाली पाच सभासदांनी स्वखुशीने दिलेले कॉलेजचे ई-मेल. ज्याला विचारायचं तो स्वतः विचारेल. या वेळी १३१ जण आले.

शिफारसपत्रं मात्र दुप्पट झाली. दोन वर्षांत मी एकूण ४३ लिहिली. बहुतेक जानेवारी ते मार्चमधली. दोन आठवड्यांची मुदत मी ठरवून टाकली आणि प्रत्येकाकडून एक पान मागून घेतलं: काय केलंत, काय अवघड गेलं, कुठे जायचंय. त्या पानांत जे वाचलं ते मला वर्गात कधीच कळलं नसतं. एकाने लिहिलं होतं, की माझ्या घरात अभ्यासाला टेबल नाही, म्हणून मी रोज साडेनऊपर्यंत तुमच्या इमारतीत बसतो. मी त्या इमारतीत सहा वर्षं शिकवत होते. त्यानंतर संध्याकाळी निघताना दिवे चालू दिसले की मी ते बंद करत नाही.

मे २०२४ मध्ये पदवीदान झालं. चॅप्टरचं सोनेरी उपरणं घातलेले ५८ जण रांगेत होते. नाशिकच्या विद्यार्थिनीला रटगर्स विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि बदली-विद्यार्थ्यांची एक शिष्यवृत्तीही मिळाली. समारंभानंतर तिने लेकीला माझ्यासमोर उभं केलं आणि म्हणाली, "या त्या. पत्र यांनी पाठवलं होतं."

विभागात मला नवी जबाबदारी आली होती, म्हणून मी खोकं गणित विभागातल्या एका तरुण सहकाऱ्याकडे दिलं. निशाण, मेणबत्त्या, वही (दोनशेहून जास्त नव्या सह्या), पावत्यांची फाइल, आणि माझी एक स्वतंत्र वही: कोणत्या कार्यालयात कोणाला भेटायचं, कोणता कागद किती दिवस आधी, आणि फोन कधी करायचे.

सप्टेंबरच्या एका मंगळवारी संध्याकाळी सहाला त्याचा मेसेज आला. यादी समोर आहे, पहिला नंबर लावतोय, सुरुवात काय करायची म्हणालात? मी लिहिलं: नाव सांग, काय शिकवतोस ते सांग, खोली कुठे आहे ते सांग. मग सांग की पत्र खरं आहे. अभिनंदन शेवटी.